ओलांडली तर काय होतं?

नर्मदेची परिक्रमा करून आल्याला वर्ष होत आलं, तरी ठाण्यात तलावपाळीला फेरी मारताना कुणी ना कुणी गाठतंच. पहिला प्रश्न गुडघ्यांचा. (बसने गेले होते हो, अठरा दिवसांची. चालत जाणाऱ्यांच्या पंक्तीला मला बसवू नका.) दुसरा प्रश्न ठरलेला: "नर्मदा ओलांडायची नाही म्हणतात ना, ओलांडली तर काय होतं?" विचारताना आवाज खाली येतो, आमच्यातलं कुणी दगावलं-बिगावलं का ते काढून घ्यायचं असल्यासारखा. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते. चालता चालता नेहमी अर्धंच राहतं.

काही होत नाही. परिक्रमा खंडित होते, पुन्हा संकल्प करून पहिल्यापासून सुरुवात करायची, संपलं. मी एकतीस वर्षं नोकरीपायी इथली खाडी रोज दोनदा ओलांडली. लोकलच्या दारातून कुणी नारळ टाकला तर त्याच्याकडे बघायची, एवढाच माझा पाण्याशी संबंध.

ओलांडायची का नाही, हे मला आधी कौपिनेश्वराच्या देवळात कळलं. शंकराला प्रदक्षिणा घालताना पिंडीवरचं पाणी बाहेर पडतं त्या पन्हळीपर्यंत जायचं आणि ती न ओलांडता उलट फिरायचं, ही सोमसूत्री प्रदक्षिणा. आजी म्हणायची, ते शंकराचं तीर्थ, त्यावरून पाय टाकू नये. नर्मदा तर शंकराच्या घामातून निघाली असं पुराणं सांगतात, म्हणूनच ती शांकरी. म्हणजे ही १३१२ किलोमीटर लांबीची पन्हळच की! फरक इतकाच, की इथे उलट फिरायचं नाही. नदी उजव्या हाताला ठेवायची आणि समुद्राला नि उगमाला वळसा घालून पुरतं वर्तुळ करायचं. पन्हळीचं हे जोडकाम माझं आहे, शास्त्रीबुवांकडे पडताळायला जाऊ नका.

काठावरचे लोक मात्र वेगळंच सांगतात, आणि मला ते जास्त पटतं. नर्मदा ही मेकल राजाची मुलगी. जो गुलबकावलीचं फूल आणेल त्याला मुलगी द्यायची, असा पण. शोणभद्राने फूल आणलं, लग्न ठरलं. नवरामुलगा कसा आहे ते बघावं म्हणून नर्मदेने दासी जोहिलाला निरोप देऊन पाठवलं. जोहिलाने जाताना राजकन्येची वस्त्रं मागितली, दागिने मागितले. हिने दिलेही. शोण तिलाच नर्मदा समजला, आणि जोहिला काही बोलली नाही. बराच वेळ झाला म्हणून नर्मदा स्वतः गेली, तर हे चित्र. तिने भांडण केलं नाही, खुलासा मागितला नाही. पाठ फिरवली आणि पश्चिमेला निघाली ती निघालीच. जन्मभर कुमारिका राहिली.

अमरकंटकला जाईपर्यंत मला ही बायकांनी दळताना रचलेली गोष्ट वाटायची. तिथे नर्मदाकुंडापासून दीडएक किलोमीटरवर सोनमुडा आहे, शोण म्हणजे सोन नदीचा उगम. एवढंसं पाणी. माझ्या दोन ओंजळींत मावलं असतं. ते पुढे कड्यावरून खाली जातं, मग उत्तरेकडे, पूर्वेकडे, आणि पाटण्याजवळ गंगेला मिळतं. नर्मदा त्याच डोंगरावरून निघून नेमकी उलट्या दिशेला, खंबातच्या आखाताकडे. आणि जोहिला नावाची नदी खरोखरच आहे, जवळच उगम पावते आणि पुढे सोनलाच जाऊन मिळते! गुलबकावलीही तिथल्या माई की बगियात फुलते, तिचा डोळ्यांत घालायचा अर्क विकायला असतो. ही गोष्ट रचणाऱ्याने तो डोंगर पायाखाली घातलेला होता, तिन्ही पाण्यांचा माग काढलेला होता. शाळेत बाईंनी विंध्य-सातपुड्यामधली खचदरी शिकवली होती, म्हणून नदी पश्चिमवाहिनी, दोन मार्क. ते चूक नाही. पण त्यात जोहिला नाही.

आता अशा पाठ फिरवून निघालेल्या मुलीला कुणी आडवं जातं का? काठावरची एक आजी एवढंच म्हणाली, "मैया को लांघते नहीं, साथ चलते हैं."

बाकीच्या कथा ओळखीच्या असतील. गंगेत स्नान केल्यावर पुण्य, नर्मदेच्या नुसत्या दर्शनाने. गंगासुद्धा वर्षातून एकदा काळ्या गाईच्या रूपात येते आणि इथे न्हाऊन पांढरी होऊन जाते. महेश्वरला सहस्रार्जुनाने हजार हातांनी प्रवाह अडवला आणि वरच्या बाजूला रावणाची पूजा वाहून गेली. शूलपाणीच्या झाडीत अश्वत्थामा कपाळाच्या जखमेवर घालायला तेल मागत फिरतो. आमच्या बसमधल्या एकीने त्याच्यासाठी खोबरेलाची बाटली आणली होती. शेवटी आम्हीच ती टाचांना लावून संपवली.

मार्कंडेय ऋषींनी नर्मदाच काय, तिला मिळणारी एकही नदी ओलांडली नाही, प्रत्येकीच्या उगमाला वळसा घातला. ४५ वर्षं लागली म्हणतात. रीतीने चालणाऱ्याला आजही ३ वर्षं ३ महिने १३ दिवस, चातुर्मासात एका जागी मुक्काम. आम्ही दिवसाला पाच-सात उपनद्यांचे पूल ओलांडत होतो, तेही भजनाच्या तालावर.

फक्त समुद्रापाशी बसची मात्रा चालेना. गुजरातेत दक्षिण तटावरून उत्तर तटावर मिठी तलाईला जायचं ते बोटीने, खाडीच्या तोंडातून, भरती असेल तेव्हा. बस मात्र रिकामी भरूचच्या पुलावरून पलीकडे जाते. म्हणजे बसने नदी ओलांडली, आम्ही नाही! ड्रायव्हरला विचारलं, तुमच्या परिक्रमेचं काय? तो म्हणाला, "मेरी तो हर महीने खंडित होती है, माताजी." आणि गाडी काढली.

बोट पहाटे अंधारात सुटली. लाइफ जॅकेटला डिझेलचा वास. कुणी आरती सुरू केली, दोघींनी उलट्या. उजाडलं तेव्हा चारी बाजूंना गढूळ पाणी, काठ दिसेना. नर्मदा कुठे संपली? मी हात घालून बोट चाटलं. खारट. आधी कधी बदललं ते कळलंच नाही. निघताना ओंकारेश्वरहून बाटलीत घेतलेलं पाणी थोडं समुद्राला दिलं, थोडं समुद्राचं भरून घेतलं.

ओंकारेश्वराचं देऊळ बेटावर आहे. म्हणून संकल्प करून निघालात की परिक्रमा पुरी होईपर्यंत तिकडे जायचं नाही, प्रवाहाचा एक फाटा मध्ये येतो. अठराव्या दिवशी दक्षिण तटावर परत आलो, बाटलीतलं पाणी ज्योतिर्लिंगावर घालायला झुलत्या पुलाशी गेलो, तर पुलाच्या तोंडाशी सगळ्याच थबकल्या. मागून माणसं ढकलताहेत आणि आमच्यातली एकही पाय उचलेना. गाइडने दोनदा सांगितलं, झाली हो तुमची परिक्रमा, चला आता.

परतीच्या गाडीत सगळ्या मेल्यासारख्या झोपल्या होत्या. भुसावळच्या अलीकडे पुलाचा तो धडधड आवाज सुरू झाला आणि समोरच्या बर्थवरच्या बाई दचकून उठून बसल्या, "अगं, ओलांडतोय का आपण?"

"तापी आहे ती," मी म्हटलं. "झोपा."