दोन पेन आणि एक हुद्दा

बेळगावातल्या शहापूरला माझं छोटं दुकान आहे. डीटीपी, लग्नपत्रिका, बॅनर, आणि खोटं कशाला बोलू, निम्मा धंदा श्रद्धांजलीचा. बेळगावात मराठा रेजिमेंटचं सेंटर असल्यामुळं आसपासच्या प्रत्येक गावात माजी सैनिक आहेतच, कुठं कुठं तर एका गल्लीत सात-आठ, त्यामुळं माझ्या कॉम्प्युटरवर 'माजी सैनिक' नावाची तयार फाईलच पडून असते. मागं तिरंगा, कोपऱ्यात अमर जवान, वर भावपूर्ण श्रद्धांजली, खाली शोकाकुल. नाव बदलायचं, फोटो बदलायचा, तारीख घालायची, पंधरा मिनिटांत काम खल्लास.

दोन वर्षांपूर्वीचा जुलै. पाऊस चार दिवस थांबला नव्हता, बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात शिरलेलं. सकाळी शटर वर करतोय तोवर येळ्ळूरकडचे दोघं भाऊ दारात. थोरल्याच्या पँटीला गुडघ्यापर्यंत चिखल, धाकटा रात्रीच पुण्याहून आलेला, सोबत अठरा-एकोणीसचा नातू. वडील आदल्या दिवशी गेले, उद्या सकाळी रक्षाविसर्जन, आज संध्याकाळपर्यंत कोपऱ्यावर बॅनर लागायला पाहिजे. थोरला बसायलाही तयार नाही, म्हणाला, "नट्टी अर्धी ऱ्हायलीय, बायका शेतात हाईत, तुम्ही काय ते करा." नट्टी म्हणजे भाताची लावणी, बाप गेला तरी रोप थांबत नाही, त्यात त्याचं काय चुकलं.

फोटो दिला तो पेन्शनच्या कागदावरचा, नवरा-बायकोचा जोडीचा. मिल्ट्री पेन्शनला तो लागतोच. माणूस आयुष्यभर शेतात नाहीतर युनिटमध्ये, एकट्याचा फोटो कुणी काढलाच नव्हता. स्कॅन करून स्क्रीनवर मोठा केला आणि मी थांबलो. या काकांना मी ओळखत होतो की.

सात-आठ वर्षं झाली असतील त्याला. पाच किलोच्या तांदळाच्या पिशव्यांना स्टिकर पाहिजेत म्हणून दुकानात आले होते. येळ्ळूर म्हटल्यावर मी न विचारता 'बेळगाव बासमती' टाईप करून ठेवलं. आमच्या लहानपणी सुगीला वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारातनं जाताना वास यायचा, आता निम्म्या शिवारात प्लॉट पडले आणि उरलेल्यात लोक जास्त उताऱ्याचं भात लावतात. पण नावाला अजून गिऱ्हाईक आहे. काकांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "बासमती आता दोन गुंठ्यात, घरापुरती. ह्यो इंद्रायणी हाय. इंद्रायणीच लिव्ह." मी म्हटलं, काका, सगळे तसंच लिहितात. तर म्हणाले, "मग त्येंच्या पिशवीवर लिव्ह की." 200 स्टिकर नेले, पैसे मोजून दिले आणि जाताना माझ्या टेबलावरचा गोंदाचा डबा सरळ करून ठेवला. फौजी माणसाची खोड.

असो. तर जोडफोटोतनं आजींना बाजूला काढायचं होतं. डाव्या खांद्यावर त्यांचा पदर आलेला, तो पुसला तर खांदाच जातो. मी नेहमीची युक्ती केली, उजवा खांदा कॉपी करून उलटा फिरवून डावीकडं चिकटवला. छान बसला. नातवानं मोबाईलवर फोटो काढून घरी पाठवला, दहा मिनिटांत घरातनं फोन. आजींना वाचता येत नाही, पण नजर बघा. "त्येंच्याकडं दोन पेन कवा हुते गा?" खिशाला लावलेलं पेनही खांद्याबरोबर पलीकडं गेलं होतं, दोन्ही खिशांना एकेक पेन! नातू इतक्या रडवेल्या चेहऱ्यानं हसला की मलाही आवरेना. पेन पुसलं. पुसताना मनात आलं, सतरा वर्षं पलटणीत काढलेल्या माणसाला ही बाई बिनचूक ओळखते, आणि त्या सतरा वर्षांत दोघं एका छपराखाली राहिले असतील जेमतेम वार्षिक सुट्टीपुरते.

जन्मतारीख कागदावर 1-6-1950. माझ्या बॅनरवरची निम्मी म्हातारी माणसं 1 जूनचीच असतात, शाळेत मास्तरांनी घातलेली. भरती 1969, पेन्शन 1986. मग काय लिहायचं यावरनं भावाभावांत जरा झालं. थोरला म्हणतो प्रगतशील शेतकरी लिहा, पेन्शनीत आल्यावर सदतीस वर्षं शेतीच केली की त्यांनी. धाकटा म्हणतो माजी सैनिक वर पाहिजे. शेवटी दोन्ही घातलं. वर एक ओळ कन्नडमध्येही घाला म्हणाले, उगाच कुणी येऊन फाडायला नको. बोर्डावरच्या अक्षरांचं आमच्याकडं काय होतं ते येळ्ळूरच्या माणसाला सांगावं लागत नाही, 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला गावचा बोर्ड पाडला तो जुलै 2014 सगळ्यांनी बघितलाय.

प्रिंट निघाली, आयलेट मारले. पाऊस बघून मी पोराला घेऊन स्वतःच बांधायला गेलो. वेशीजवळ दोन खांबांना बॅनर ताणतोय तेवढ्यात बसमधनं एक म्हातारा उतरला. छत्री, धोतर, डोक्याला मफलर, पण पाठ खांबासारखी ताठ. खानापूर तालुक्यातनं आलेला, काकांचा पलटणीतला दोस्त. बॅनरपुढं उभा राहिला, मला वाटलं आता सॅल्यूट करणार. त्यानं वाचलं, परत वाचलं आणि मला विचारलं, "ह्यो सुभेदार कोण?"

माझ्या पोटात गोळाच आला. फाईलमधलं आधीच्या माणसाचं नाव बदललं, फोटो बदलला, तारखा बदलल्या, पण नावाआधीचा 'सुभेदार' तसाच राहिला होता. आधीचे सुभेदार होते, हे हवालदार.

मी म्हटलं, काका, चूक झाली, पण वरचाच हुद्दा आहे, कमी तर नाही केला. ते बोललो आणि जीभ चावली. म्हातारा आवाज न चढवता म्हणाला, "तो तीन फितीचा माणूस. दुसऱ्याचे स्टार त्येच्या खांद्यावर कशाला?"

बॅनर सोडला आणि आम्ही तिघं घरी गेलो. सोप्यात माणसं बसलेली. धाकट्याला सांगितलं तर खाली बघून म्हणाला, "मला सकाळीच दिसलं होतं. म्हटलं असू दे, बरं वाटतं." कुणी काही बोललं नाही. म्हाताऱ्यानं पाय धुतले, भिंतीला टेकून बसला आणि ज्या गोष्टी घरातल्यांनी कधी ऐकल्या नव्हत्या त्या सांगायला लागला.

दोघं 1 मराठात, म्हणजे मराठा रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनमध्ये, तिलाच जंगी पलटण म्हणतात. 1971 चा डिसेंबर, पूर्व पाकिस्तान. ब्रह्मपुत्रा ओलांडून पलटण जमालपूरच्या मागं जाऊन बसलेली, म्हणजे आतल्या फौजेला ढाक्याकडं निघायची वाट बंद. आपल्या ब्रिगेडियरनं शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, उत्तराच्या चिठ्ठीत गुंडाळून आली बंदुकीची गोळी. आणि 10 तारखेच्या रात्री ते लोक वाट फोडून निघाले ते थेट मराठ्यांच्या मोर्चांवर. लाट येतीय, मोडतीय, परत येतीय, असं पहाटेपर्यंत. सकाळी जमालपूर पडलं. पुढं 16 तारखेला ढाका.

मी आपलं बावळटासारखं विचारलं, काका तेव्हा काय करत होते? म्हातारा हसला. "संध्याकाळी मोर्चा खणताना माती मुठीत घिऊन बघालता. आजूबाजूला भात, निम्मं कापलेलं, निम्मं उभं. मला म्हणतो, माती हलकी हाय गा, आपल्यागत काळी न्हाय, पण कणीस बघ किती भरलंय. मी म्हटलं, आरं खण आधी! रात्री गोळी चालालती तवा शेजारी हुता. कायबी बोलला न्हाय. सकाळी म्हणला, बघ, उभं भात सगळं आडवं झालं."

थोरला तोवर दारात उभा होता. आत आला आणि बापाच्या दोस्ताशेजारी बसला, तसाच चिखलाच्या पायांनी. मग म्हणाला, "आण्णा आमाला एवढंच सांगायचे की बंगालात भात चांगलं पिकतंय." नातू भरतीसाठी रोज पहाटे पळतो, त्याला तर आजोबांकडं 'पूर्वी स्टार' आहे, म्हणजे 1971 च्या पूर्व आघाडीचं मेडल, ते काय असतं हे त्याच दिवशी कळलं. म्हाताऱ्यानं त्याला ट्रंक उघडायला लावली. सगळी मेडलं एका बिस्किटाच्या पुड्याच्या कागदात होती, आणि खाली कापडी पुरचुंडीत मूठभर बासमतीचं बियाणं. वास अजून येत होता.

मी रात्री दुकान परत उघडलं, 'सुभेदार' खोडून 'हवालदार' केलं आणि दुसरा बॅनर माझ्या खर्चानं काढला. धाकटा पैसे देत होता, घेतले नाहीत, त्यात मोठेपणा काही नाही, चूक माझी होती. ती 'माजी सैनिक' फाईलही उडवली. आता प्रत्येक वेळी कोऱ्या पानावर बसतो, वेळ जातो, गिऱ्हाईक कुरकुरतं.

सकाळी सहाला नवीन बॅनर बांधला. म्हातारा छत्री मिटून पुढं उभा राहिला, ओठ हलवत पूर्ण वाचलं, मग सॅल्यूट केला. मी जुना गुंडाळून गाडीला लावत होतो तर थोरला म्हणाला, टाकू नका, गोठ्यामागं पिंजराची गंजी भिजालीय, तिच्यावर घालतो. तेवढ्यात आजी दारात आल्या. नातवाला म्हणाल्या, "त्यो शब्द कुठला, दाखीव." त्यानं बोट ठेवलं. त्यांनी आतनं विळा आणला आणि तेवढी पट्टी उभ्या-आडव्या कापून काढली. मधोमध वीतभर भोक पडलं. थोरला म्हणाला, "आये, आता पाणी जातंय की आत." मग त्यानंच तो दुहेरी घडी करून गंजीवर टाकला आणि वर दोन दगड ठेवले.