गॅरेजमध्ये बांधलेली सोळा फुटांची होडी : माझा अनुभव

होडीच्या नकाशासोबत मापांचा एक तक्ता आला होता. त्यातला प्रत्येक आकडा तीन तुकड्यांचा : १-३-५, ०-११-३. पहिला फूट, दुसरा इंच, तिसरा इंचाचे आठवे भाग. होडी बांधणारे मापं अशी लिहितात. त्या तक्त्यातला एक ३ मी ५ वाचला, आणि पाव इंचाच्या त्या चुकीनं मला जे शिकवलं त्याबद्दल मला लिहायचंय.

मी कोकणातल्या, मालवणजवळच्या देवबागची. बारा वर्षं झाली, ऑन्टॅरिओतल्या पीटरबरोला राहते. इथे आसपास तळी इतकी आहेत की उन्हाळ्यात गाड्यांच्या टपावर कनू बांधलेली सारखी दिसते. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वर उघडी, वल्ह्यानं चालवायची हलकी होडी. मूळची ती इथल्या आदिम रहिवाशांची, बर्चच्या सालीची. अनिशिनाबे लोक तिला ‘जीमान’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात पीटरबरोच्या सुतारांनी ती लाकडात बांधली आणि गावाचं नाव दूरवर गेलं. गावात कनूंचं संग्रहालय आहे, २०२४ पासून ते लिटल लेकच्या काठी नव्या इमारतीत आहे. तिथल्या जुन्या होड्यांसमोर मी तासन्‌तास उभी राहिले आहे, आणि दर वेळी हात लावून बघायची इच्छा आवरून परत आले आहे.

आमच्याकडे होडी म्हटली की जाड फळ्या आणि आतला भक्कम सांगाडा. या पद्धतीत सांगाडा राहतच नाही. प्लायवूडचे साचे फूट-फूट अंतरावर एका सरळ तुळईवर उभे करायचे, होडी पालथी धरून त्यांच्यावर पाव इंच जाड आणि पाऊण इंच रुंद पट्ट्या एकीला एक चिकटवत जायच्या, आणि आतून-बाहेरून काचेच्या तंतूंचं कापड इपॉक्सीनं, म्हणजे दोन द्रव मिसळून घट्ट होणाऱ्या राळेनं, बसवलं की साचे काढून टाकायचे. लाकूड वेस्टर्न रेड सिडार, ब्रिटिश कोलंबियातून येणारं. हलकं, सरळ रेषांचं, कापताना सुंदर वास येणारं. पण त्याचा भुसा छातीला वाईट; त्यानं दमा होऊ शकतो हे पक्कं माहीत असलेलं सत्य आहे. मास्क लावल्याशिवाय करवत सुरू करायची नाही हा नियम मी एकदाही मोडला नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये तळघरात साचे कापले. साच्याची वक्ररेषा काढताना मापाच्या टिंबांवर छोटे खिळे ठोकून लवचीक पट्टी त्यांना टेकवतात. चौथ्या साच्याला पट्टी एका खिळ्याशी अडली. तक्त्यात मी ५ वाचलं होतं, मग ५च बरोबर, असं म्हणून मी ती दाबून बसवली आणि रेघ ओढली.

मेमध्ये गॅरेज उबदार झालं. पट्टीच्या एका कडेला खाच, दुसऱ्या कडेला तशीच गोलाई. खाच वर ठेवायची म्हणजे सरस ओघळत नाही. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. दिवसाला दोन-तीन पट्ट्या, कारण सरस धरेपर्यंत थांबावंच लागतं. सातव्या पट्टीपासून चौथ्या साच्याच्या अलीकडे-पलीकडे फट राहू लागली. पट्टी चौथ्यावर टेकलेली, तिसऱ्या-पाचव्यावर अधांतरी. मी जास्त स्टेपल मारले, क्लॅम्प आवळले, आणि आणखी तीन पट्ट्या लावल्या.

जूनमध्ये बाबा आले. एसटीत नोकरी केली तरी आजोबांची होडी दर पावसाळ्याआधी ओढून वर घेण्यात आणि तिला तेल पाजण्यात त्यांचं बालपण गेलेलं. विमानाचा शीण उतरायच्या आत ते गॅरेजमध्ये गेले. नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या, टोकाशी उकिडवे बसले, एक डोळा मिटून लांबवर बघत राहिले. मग म्हणाले, “हय फुगला हा.”

मी तक्ता दाखवला. ते त्याच्याकडे बघेनात. “चेडवा, डोळे मीट नि हात फिरय.”

डोळे मिटून मी तळवा हळूहळू पट्ट्यांवरून नेला. उघड्या डोळ्यांना जे दिसत नव्हतं ते हाताला लगेच लागलं. सपाट वाहणाऱ्या पाण्याखाली दगड असावा तसं. मग तक्ता उजेडात धरला तेव्हा तो ३ दिसला.

रंधा मारून फुगवटा घालवता येत नव्हता, पट्टीच मुळात पाव इंचाची. दोन्हीकडच्या वरच्या चार-चार पट्ट्या काढायच्या ठरल्या. सरस लाकडापेक्षा पक्का असतो. सांधे सोडवताना आठही पट्ट्या चिरफाळल्या. साचा कानशीनं खाली आणला. नव्या पट्ट्या आणायला, कापायला आणि लावायला तीन आठवडे गेले. या वेळी एकही पट्टी दाबली नाही. जिथे ती टेकली नाही तिथे साचा तपासला.

शेवटी तळाशी बदामाच्या आकाराची पोकळी उरते. ती भरताना प्रत्येक पट्टी दोन्ही टोकांना रंध्यानं निमुळती करावी लागते, एकेका पट्टीला तासभर. बाबांनी टोक धरायचं, मी रंधा मारायचा. संध्याकाळचा हा वेळ मला सगळ्यात आवडायचा. फारसं बोलणं व्हायचं नाही. शेकडो स्टेपल त्यांनीच एकेक करून उपटले. मग लांब पाटीला ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर लावून होडी घासली, आणि अधूनमधून डोळे मिटून हात.

कापड लावण्याआधी सगळ्या लाकडावर ओला स्पंज फिरवला. दबलेल्या जागा फुगून वर येतात, स्टेपलची भोकंही बरीच बुजतात. लाकूड पूर्ण वाळल्यावर, दुपार कलल्यावर इपॉक्सी घेतली. तापमान चढत असताना ती लावली तर लाकडातली हवा बाहेर पडते आणि थरात बुडबुडे अडकतात. मिश्रण खोल भांड्यात ठेवलं तर आपल्याच उष्णतेनं तापून घट्ट होतं, म्हणून उथळ ट्रे. पांढरं कापड भिजत गेलं तसं ते दिसेनासं झालं आणि खालून सिडारचे तपकिरी, मधासारखे, गुलाबीसर रंग उजळत आले. आम्ही दोघं न जेवता रात्री साडेनऊपर्यंत काम करत होतो.

आतली बाजू जास्त कठीण गेली, नाळेच्या अरुंद खोबणीत कापड उचलून येतं. काठाला ॲश या कठीण लाकडाच्या पट्ट्या, दोन बाकं, आणि वर वॉर्निश. ऊन इपॉक्सीला खातं, वॉर्निश तिला वाचवतं.

सप्टेंबरच्या एका सकाळी लिटल लेकमध्ये उतरवली. वजन २७ किलो, दोघांनी सहज उचलली. बाबा पुढच्या बाकावर बसले, मी मागे. काठापासून थोडं आत आल्यावर त्यांनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि गुडघ्याजवळ, जिथे चौथा साचा होता तिथे, आतून हात फिरवला. दोनदा फिरवला. मग वल्हं उचललं.