दोन की बारा? फ्रेंच घड्याळ, आठवडा अकरावा

लिएझाँचे, म्हणजे पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की आधीच्या फ्रेंच शब्दाचे मुके शेवटचे अक्षर उच्चारले जाण्याचे, प्रकरण निकालात निघाले, असे मी मागच्या नोंदीत मोठ्या ऐटीत लिहिले होते आणि रविवारी ते अंगाशी आले. नेहमीप्रमाणे फ्रेंच बोलण्याचे वीस ध्वनिमुद्रित तुकडे ऐकून वेळा वहीत उतरवल्या, तेव्हा पाच ठिकाणी दोनच्या जागी बारा लिहिलेले निघाले.

दोनसाठीच्या ‘दो’च्या (deux) स्पेलिंगमधले शेवटचे अक्षर एरवी मुके असते, पुढे ‘वाजले’ अशा अर्थाचे ‘अर’ (heures) आले की मात्र ते आपल्या झऱ्यातल्या ‘झ’सारखे उमटते आणि ‘दोझर’ ऐकू येते. बारासाठीच्या ‘दूझ’मध्ये हा झ मुळातच आहे, त्यामुळे ‘दोझर’ आणि ‘दूझर’ यांत फरक उरतो तो एका स्वराचा, आणि त्यांतला पहिला स्वर मराठीत नाहीच. मी लिहिलेला ‘दो’ हीसुद्धा केवळ सोय आहे. जीभ ‘ए’च्या जागी ठेवून ओठ तेवढे ‘ओ’सारखे गोल केले की तो साधतो. आरशासमोर तीन दिवस हेच केले.

ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग निम्मा करून पाहिला, पण स्वर नुसता लांबला, ओळखू आला नाही. जुनाट चेहऱ्याच्या प्रात या उच्चार तपासण्याच्या मोफत सॉफ्टवेअरने मात्र काम केले: ‘दूझर’मध्ये दुसरा फॉर्मंट (स्वराची ओळख ठरवणाऱ्या अनुनादांपैकी एक) बराच खाली, ‘दोझर’मध्ये स्पष्ट वर. पैसे भरून घेतलेले एक अ‍ॅप प्रत्येक शब्द सुटा उच्चारते आणि लिएझाँ गिळून टाकते. ते काढून टाकले.

एक सुख नोंदवतो. नऊसाठीचा ‘नफ’ ‘अर’पुढे ‘नव’ होतो, आणि ‘नवर’ ऐकताना आपली नवमी आठवते. ‘म्वँ ल कार’, म्हणजे आपले पावणे, तासाच्या नंतर येते, म्हणून पावणेआठला आठ लिहून खोडावे लागतात. त्याची आता सवय झाली आहे.

हे लिहिता लिहिताच लक्षात आले की पाचही चुका गप्पांच्या तुकड्यांतल्या आहेत. गप्पांत दुपारच्या बाराला बहुधा ‘मिदी’ आणि रात्रीच्या बाराला ‘मिन्वी’ म्हणतात, म्हणजे तिथे ‘दोझर’चीच शक्यता अधिक, उलट रेल्वेच्या घोषणा चोवीस तासांच्या घड्याळावर चालतात, तिथे दुपारचे दोन म्हणजे ‘कातोर्झर’, आणि दिवसा ऐकू येईल तो ‘दूझर’च. तेव्हा दोन्ही प्रकार वेगळे करून सराव करावा, असे ठरवले होते.

पण तो आडाखा झाला, ऐकणे नव्हे. शिवाय ‘अर’ म्हणजे वाजणे तसेच तासही. गाडीला ‘दोझर’ उशीर झाला की ‘दूझर’, हे मिदी सांगणार नाही. म्हणून वेगळे करण्याचा बेत रद्द, आणि या आठवड्याचे वीसही तुकडे उशिराचे आणि प्रवासाला लागणाऱ्या वेळेचे घेतले आहेत.