लोगो वही : अमूलच्या पोरीचं नाक

मंडळी, ओळखीचे लोगो आणि चित्रं लोकांना कितपत बरोबर आठवतात या माझ्या उद्योगाचं हे पावसाळी अपडेट. मासेमारीची बंदी चालू आहे, होड्या वर ओढून झापांनी शाकारल्यात, मालवणात जाळी शिवत बसलेल्यांकडे वेळच वेळ, म्हणून यावेळी कोरे कागद घेऊन थेट तिथेच गेलो. मागच्या खेपेला मोबाईलवर तीन चित्रं दाखवून 'यातलं खरं कुठलं' विचारत होतो, त्यात लोक अंदाजपंचे बोट ठेवतात. काढायला लावलं की डोक्यात काय बसलंय ते बरोबर कागदावर उतरतं.

सगळ्यात मजा आली स्टेट बँकेच्या लोगोला. शेखर कामत यांनी केलेला, १९७१ पासूनचा, निळा गोल, मधोमध छोटं पांढरं भोक आणि तिथून खाली एकसारख्या रुंदीची सरळ फट, बास. पण बऱ्याच जणांनी फट खाली पसरट काढली, जुन्या कुलपाच्या भोकासारखी! म्हणजे पासबुक वर्षानुवर्षं हातात आणि हात मात्र कुलूपच काढतोय.

मग अमूलची मुलगी. १९६६ पासून आहे ती आणि तिला नाक नाहीये, आत्ताच बघा. आमच्या आतेने निळे केस, ठिपक्यांचा फ्रॉक सगळं झकास काढलं आणि वर छान टोकदार नाक. इथे माझा गाढवपणा झाला, पुढच्या दोघांना मी 'नाकाचं बघा हां' असं बोलून गेलो, झालं, दोघांनीही नाक काढलं. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टसच्या १९७४ च्या प्रयोगात अपघाताबद्दल विचारताना गाड्या 'आपटल्या' की 'धडकल्या' एवढा शब्द बदलला तर लोकांच्या आठवणीतला वेग बदलला होता, हे मला पाठ आहे आणि तरी तोंड उघडलंच. ते दोन कागद बाद.

नवीन आलेल्यांसाठी, मी शिकागो विद्यापीठाच्या दीपश्री प्रसाद आणि विल्मा बेनब्रिज यांच्या २०२२ च्या अभ्यासाची गावठी नक्कल करतोय. त्यांनी ४० चित्रं घेतली, त्यातल्या ७ चित्रांत लोक नुसते चुकले नाहीत तर बरेच जण एकच चूक करत होते. पोकेमॉन कार्टूनमधल्या पिकाचूच्या शेपटीचं काळं टोक त्यातलंच, भाच्याने ते न विचारता काढून दिलं (शेपूट मुळाशी तपकिरी असते, टोकाला काळं काही नाही). फ्रूट ऑफ द लूम या अमेरिकन ब्रँडच्या लोगोत फळांमागे लोकांना आठवणारी, पण नसलेली टोपली मात्र मी यादीतून काढली, इकडे ती चड्डी-बनियन कुणी बघितलीच नाहीत तर आठवणार काय.

जेवताना आतेला मोबाईलवर जुनी जाहिरात काढून दाखवली. चष्मा लावला, बोटांनी चित्र मोठं करून नाक शोधलं, मग मोबाईल परत दिला. "बिननाकाचा चेडू खंय असता रे? आदी होता, आता काढल्यानी."