कंबर नेमकी कुठे

इंदूरच्या शीतलामाता बाजारातून परतताना वहिनी सहज म्हणाल्या, "तू आपलं घेरदारच घे, खाली झाकलं जातं." त्यांच्या मनात काही नव्हतं, तरी ते अजून टोचतंय. कपडा निवडायचा तो काहीतरी लपवायला, हे कधी ठरलं?

आधी मापं तरी नीट घ्यावीत, म्हणून टेप काढली. छाती सगळ्यात भरलेल्या जागी, टेप पाठीवर न घसरता जमिनीला समांतर. कंबर मात्र बहुतेकींची चुकते. साडी नेसणाऱ्या आपण परकराची नाडी बांधतो तीच कंबर धरतो, आणि नाडी असते बेंबीशी किंवा त्याहून खाली. पातळ इलॅस्टिक पोटाभोवती बांधून डावीउजवीकडे वाकलं की ते आपोआप घडीत जाऊन बसतं. ती खरी कंबर. माप श्वास सोडून घ्यायचं, पोट आत ओढून नाही, नाहीतर शिवलेला कपडा जेवायला बसलं की काचतो. मग पाय जुळवून हिप, म्हणजे कपडे शिवणाऱ्या मास्टरजींची 'सीट', कंबरेखाली साधारण सात ते नऊ इंचांवर. इथे आरशात बाजूने बघावं लागतं, टेप मागे हमखास खाली उतरते.

तीरा, म्हणजे खांद्यांची रुंदी, पाठीवरून, खांद्याच्या एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत. हा आकडा बाकीच्यांशी ताडू नये. हा सरळ रुंदीचा, ते गोलाईचे. खांदे रुंद की हिप, हे बघायला दोरीला किल्ली बांधून खांद्याच्या टोकापासून सोडावी. दोरी हिपला टेकून बाहेर वळली तर खालचा भाग रुंद, मोकळी लोंबली तर खांदे.

छाती 36, कंबर 31, हिप 41. पेअर, म्हणजे नासपतीसारखी ठेवण, वर अरुंद, खाली रुंद. कोणत्या फरकापासून पेअर म्हणायचं ते तक्त्यागणिक बदलतं, पण पाच इंचांत शंकेला जागाच नाही. आईचीही ठेवण अशीच होती म्हणतात. असो.

रेडीमेड कुर्ता एल मापाचा घेतला तर छातीवर नीट, हिपवर आडव्या सुरकुत्या. एक्सएल घेतला की खांदा दंडावर उतरतो. आज फार वाटलं, की आपण कुठल्याच मापात नाही, कोणी आपल्यासाठी शिवतच नाही. मग आठवलं, अमेरिकेत 1939-40मध्ये तयार कपड्यांच्या मापांसाठी सुमारे 15 हजार बायका मोजल्या आणि हिशेबात धरल्या फक्त गोऱ्या. आपल्याकडे निफ्ट या फॅशन संस्थेने इंडियासाइझसाठी, म्हणजे भारतीय मापांच्या पाहणीसाठी, शहरं निवडली ती दिल्ली, मुंबई, कोलकाता, हैदराबाद, बेंगळुरू आणि शिलाँग. इंदूरच्या हिपा कोणी मोजायच्या? हे मनात आलं आणि जरा मोकळं वाटलं. मग रडण्यापेक्षा सुरकुत्या वाचाव्यात. आडव्या म्हणजे कापड कमी, उभ्या झोळ्या म्हणजे जास्त. तिरप्या सुरकुत्या जिथून निघतात तिथे कापड ताणलेलं असतं. कुर्ता पाठीवर कंबरेच्या वर गोळा होत असेल, तर तो हिपवर अडकून वर चढतोय, किंवा त्याची कंबर आपल्या कंबरेशी जुळत नाही. म्हणून खांद्यापासून कंबरेपर्यंतची लांबीही मोजायला हवी. रेडीमेडवाले ती विचारत नाहीत, आणि अर्धं बिघडतं ते तिथेच.

बाजूला कट, म्हणजे चीर, असलेला कुर्ता खांद्याच्या मापाने घ्यावा. हिपला कट उघडतो, खांदा दुरुस्त करणं मात्र फार अवघड. बंद घेराचा असेल तर हिपच्या मापाने घेऊन छातीत आत घ्यायचा. घेर मला आवडतोही, पण तो कळ्यांमधून यावा. कंबरेवर चुण्या घातल्या तर नेमकी तिथेच जाडी वाढते.

साड्यांचंही तसंच. चंदेरीचं रेशीम अंगचा डिंक न काढलेलं, म्हणून ती कडक उभी राहते आणि निऱ्या हिपवर फुगतात. महेश्वरी मऊ पडते. पण चंदेरी सोडायची का? मुळीच नाही. निऱ्या अरुंद घालून आतून पिन लावायची, परकर सहा कळ्यांचा, वर सपाट बसणारा. हिप दिसेल. दिसू दे. कापड नीट पडलं की मला तेवढं पुरतं, झाकलं की नाही हा प्रश्न त्यात येतच नाही. निदान आज रात्री तरी येत नाही.

मास्टरजींना सांगायचं: छातीला अडीच इंच सैल, हिपला तीन. कट कंबरेखाली सहा इंचांवर सुरू करा, साडेआठवर नको, तिथे सीट सगळ्यात भरते. शिवणीत दीड इंच माया, म्हणजे जादा कापड, ठेवा. आणि सुती कापड आहे, कापण्याआधी भिजवून वाळवा.