लेमूर, म्हणजे चक्क भूत!

भाचीच्या शाळेचा प्रकल्प म्हणजे घरादाराचा प्रकल्प. आज नौपाड्यात ताईकडे दुपारभर लेमूर, म्हणजे मादागास्करचे माकडासारखे प्राणी, चालू होते.

'लेमुरेस' ही प्राचीन रोमची भटकी भुतं. मे महिन्यात ९, ११ आणि १३ तारखेला त्यांचा बंदोबस्त व्हायचा: घरचा कर्ता मध्यरात्री अनवाणी उठून काळे, घेवड्यासारखे दाणे मागे न बघता टाकत जायचा. आई लगेच म्हणाली, "म्हणजे उताराच की!" मला तर रोमन एकदम आपल्या कोकणातलेच वाटले.

अठराव्या शतकात स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने या भुतांवरून लेमूरना हे नाव दिलं, कारण हे प्राणी रात्री हिंडतात आणि संथ चालतात. गंमत म्हणजे त्याच्या या भुतावळीत सुरुवातीला आपल्या शेजारच्या श्रीलंकेतला लोरिस हा निशाचर प्राणीही होता! पुढे तो वेगळा काढला, नाव उरलं मादागास्करवाल्यांना. आणि त्यांतला सगळ्यात प्रसिद्ध, पट्टेरी शेपटीचा लेमूर? तो दिवसा हिंडतो. सकाळी हात पसरून, पोट उन्हाकडे करून बसतो, अगदी तलावपाळीच्या कट्ट्यावरच्या आजोबांसारखा. कळपात हुकूम मात्र माद्यांचा. यावर ताईने भावजींकडे पाहिलं, भावजींनी टीव्हीकडे.

भाचीने तक्त्यावर मथळा लिहिलाय, 'ऊन खाणारं भूत'. बाईंना चालेल ना?