क्रोशाचं प्रवाळ आणि तपकिरी लोकर

रविवार, रात्री

आज दिवसभर रंगांचाच विचार. क्रोशाचं प्रवाळ विणायचं म्हटलं की हात आधी गुलाबी-केशरी गुंडीकडे जातो. पण निरोगी प्रवाळ बहुतेक वेळा तपकिरी, शेवाळी, मातकट असतं. हा रंग त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांचा, आणि प्रवाळाचं बरंचसं पोट त्यांच्यावरच चालतं. नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षाही पाणी एखादा अंश जास्त तापलं आणि महिनाभर तसंच राहिलं, की प्रवाळ शैवालांना बाहेर टाकतं. उरलेल्या पारदर्शक मांसातून आतला चुनखडीचा सांगाडा दिसतो. असं पांढरं पडलेलं प्रवाळ जिवंत असतं! पाणी वेळेत निवलं तर रंग परत येतो. नाही निवलं तर प्रवाळ मरतं, आणि सांगाड्यावर मळकट हिरवं शेवाळ चढतं. पांढरं म्हणजे मेलेलं असं बघणाऱ्याला वाटलं, तर विणकाम चुकीचं सांगतंय.

लॉस एंजेलिसमध्ये मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या बहिणींनी २००५ मध्ये क्रोशाचा रीफ, म्हणजे विणलेली प्रवाळभिंत, सुरू केला. दोघी मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या, म्हणजे ग्रेट बॅरियर रीफच्या किनाऱ्यावरच्या. प्रवाळासारखी वळणावळणाची झालर विणायची युक्ती मात्र कॉर्नेल विद्यापीठातल्या गणिती दाइना ताइमिन्या यांची, १९९७ ची: टाके दर ओळीत ठरावीक प्रमाणात वाढवत गेलं की पृष्ठभाग सपाट राहूच शकत नाही.

झालरीसाठी १८ साखळ्यांवर एक ओळ मुके खांब (क्रोशाचा साधा, आखूड टाका). पुढच्या प्रत्येक ओळीत दोन टाक्यांत एकेक, तिसऱ्यात दोन. उरलेले एक-दोन टाके सरळ विणायचे. मोजणी अशी जाते: १८, २४, ३२, ४२, ५६, ७४. प्रत्येक टाक्यात दोन घातले तर त्याच पाच ओळींत ५७६ होतात आणि घट्ट, मेंदूसारखा गोळा तयार होतो. दोन्ही हवेत, पण लोकर दुसऱ्यालाच भरपूर लागते.

झालर लोळते ती बहुधा सैल विणीमुळे. लेबलवर ४ मिमीची सुई लिहिली असेल तर ३ किंवा ३.५ घ्यावी. सुती दोरा स्वतःच्या वजनानेच खाली येतो, अॅक्रिलिक उभं राहतं. पण अॅक्रिलिक म्हणजे प्लास्टिक, धुताना त्याचे तंतू पाण्याबरोबर जातात. म्हणून घरातल्या उरलेल्या गुंड्याच वापराव्यात, आणि तयार नमुना न धुता मऊ ब्रशने झाडावा. कड मध्येच सपाट झाली तर वळणावरचा शेवटचा टाका सुटलेला असतो. ओळ संपली की मोजावं; तीन ओळींनंतर ती चूक सापडत नाही.

मळका हिरवा वेगळा तुकडा म्हणून नको. पांढऱ्याच झालरीच्या खालच्या कडेतून टाके उचलून दोन-तीन ओळी हिरव्या विणाव्यात आणि त्यांवर बारीक कंगवा फिरवावा. तंतू सुटतात, आणि शेवाळ वर चढताना दिसतं. वरची कड पांढरीच ठेवायची.